बेट वाचवायचे असेल तर आधी सह्या सांभाळा

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका लहान बेटावर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेबरोबर काम करतात. बेटाचे नाव त्यांनी कळवले नाही, ते बरे केले. प्रश्न थोडक्यात असा: मुख्य भूमीवरची एक कंपनी बेटावर मोठा पर्यटन प्रकल्प आणू पाहते आहे. नवी जेटी, रुग्णांसाठी वेगवान बोट, तरुणांना नोकऱ्या अशी आश्वासने देऊन झाली, दोन बैठकाही झाल्या. आता संस्थेकडून आणि पंचायतीकडून ना-हरकत दाखला मागितला जातो आहे. लोक मोजके, वकील नाही, पैसा नाही. आधी वर्तमानपत्रांकडे जावे की कोर्टात?

ताई, दोन्हीकडे जावे लागेल, पण आधी घरातले कागद आवरा. मी किनारपट्टीवरच्या जमिनींची आणि परवानग्यांची प्रकरणे चालवतो. अशी बहुतेक प्रकरणे कोर्टात पोचण्याच्या बऱ्याच आधी हरलेली असतात, आणि हरतात ती कुठल्यातरी सहीपाशी. चुकीच्या माणसाने केलेली सही, किंवा योग्य माणसाने वेळेआधी केलेली सही. कंपनीकडे पैसा, वकील, मंत्रालयातल्या ओळखी सगळे असते, पण बेटावरच्या माणसाची सही तिला बेटावरूनच मिळवावी लागते.

तुमच्या त्या दोन बैठकांपासून सुरुवात करतो. चहा-नाश्ता झाला असेल, हजेरीपत्रक फिरले असेल. ते हजेरीपत्रक आज कुणाकडे आहे? असल्या कागदाचा नेहमीचा नमुना सांगतो. पहिल्या पानावर वरती दोन ओळी: ‘आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ प्रकल्पाची माहिती मिळाल्याचे व त्यास आमची हरकत नसल्याचे लिहून देतो.’ त्याखाली अनुक्रमांक, नाव, वस्ती, सही असे रकाने. दुसऱ्या पानापासून नुसते रकाने. मागे बसलेल्या माणसाच्या हातात चौथे-पाचवे पान येते. त्याच्या लेखी ती हजेरी असते. सहा महिन्यांनी सगळी पाने एकत्र टाचून ‘स्थानिकांची संमती’ म्हणून अर्जाला जोडली जातात आणि मग ती सही माझी आहे पण संमती माझी नाही, हे सिद्ध करत बसावे लागते.

म्हणून या आठवड्यातच कंपनीला एक पत्र द्या: अमुक तारखांच्या बैठकांत झालेल्या सह्या फक्त हजेरीच्या आहेत, त्यांना संमती समजू नये. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना किंवा उपायुक्तांना, एक पंचायतीला. तिन्ही ठिकाणची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. कुणी पोच देत नसेल तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. यापुढच्या प्रत्येक बैठकीला स्वतःची वही न्या. पानांना आधीच क्रमांक घाला, इतिवृत्त तिथल्या तिथे लिहा, मोठ्याने वाचून दाखवा, शेवटच्या ओळीखालची रिकामी जागा तिरकी रेघ मारून बंद करा, आणि मग सह्या घ्या. कंपनीच्या कागदावर कुणीही सही करायची नाही, हजेरीचीसुद्धा नाही.

एवढ्याशा गोष्टीचा मी इतका बाऊ का करतो ते कळायला प्रशांत महासागरातल्या बानाबा बेटाची हकिगत पुरेशी आहे. आज ते किरिबाती देशात आहे, इंग्रजांच्या कागदांत त्याला ओशन आयलंड म्हणत. क्षेत्रफळ जेमतेम सहा चौरस किलोमीटर. सिडनीतल्या एका कंपनी-कचेरीत दार अडवायला ठेवलेला दगड अल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याने तपासला, तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला. तो दगड शेजारच्या नाउरूवरचा होता, पण बानाबाही तसेच असणार हे एलिसने ताडले. मे १९०० मध्ये तो बानाबावर उतरला आणि त्याने एक करार करून घेतला: बेटावरचे सगळे फॉस्फेट काढण्याचा हक्क ९९९ वर्षांसाठी, मोबदला वर्षाला ५० पौंड, तोही रोख किंवा तेवढ्या किमतीच्या मालात. करारावर ज्याची खूण घेतली त्याला कागदात ‘राजा’ म्हटले होते. बानाबावर राजा नव्हताच. जमीन एकेका कुटुंबाच्या मालकीची होती, आणि दुसऱ्याची जमीन देण्याचा अधिकार त्या बेटावर कुणालाच नव्हता.

पुढचे सगळे त्या कागदावरून घडले. ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतले. १९२० मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी मिळून खाण विकत घेतली आणि तिथले खत आपापल्या शेतकऱ्यांना स्वस्तात दिले. १९२० च्या दशकाच्या शेवटी बानाबाच्या लोकांनी आणखी जमीन द्यायला नकार दिला, तेव्हा १९२८ मध्ये सक्तीने जमीन घेण्याचा कायदा झाला आणि रेसिडेंट कमिशनर, म्हणजे तिथले ब्रिटिश प्रशासक, ग्रिम्बल यांनी लोकांना धमकीवजा पत्र लिहिले. एकदा ‘हो’ म्हटल्याचे धरले गेले, की नंतरच्या ‘नाही’ला हट्ट समजतात.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी लोकांना इतर बेटांवर पांगवले. युद्ध संपल्यावर त्यांना मायदेशी परत नेण्याऐवजी डिसेंबर १९४५ मध्ये फिजीतल्या राबी बेटावर तंबूंत उतरवले. हे राबी बेट लिव्हर कंपनीकडून १९४२ मध्ये खरेदी केलेले होते, आणि खरेदीचा पैसा बानाबाच्याच लोकांच्या रॉयल्टीतून साठलेल्या निधीतला. स्वतःच्या पैशाने स्वतःची हद्दपारी, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

१९७० च्या दशकात हे लोक लंडनच्या कोर्टात गेले. सुनावणी २०० पेक्षा जास्त दिवस चालली, न्यायमूर्ती मेगरी स्वतः बेट पाहून आले. रॉयल्टीच्या मोठ्या दाव्यात लोक हरले. सरकारने त्यांच्याशी नीट वागायला हवे होते, हे कोर्टाला मान्य होते, पण ते कर्तव्य कोर्टातून वसूल करता येण्यासारखे विश्वस्ताचे कर्तव्य नाही, असे ठरले. खणलेल्या जमिनीवर नारळाची आणि खाण्याच्या फळांची झाडे पुन्हा लावण्याच्या, कंपनीने १९१३ मध्ये दिलेल्या वचनाचा मात्र भंग झाला हे कोर्टाने मानले. नुकसानभरपाई नावापुरती मिळाली. १९७९ मध्ये खाण बंद झाली तेव्हा बेटाचा बहुतेक पृष्ठभाग खरवडून नेलेला होता. पावसाने दगा दिला की जिथून बायका गोडे पाणी आणत, त्या भूगर्भातल्या गुहाही खाणीत गेल्या.

या निकालातून मी अशिलांना एकच गोष्ट सांगत आलो: सरकार आपले पालक आहे, ते आपले हित बघेल, या भावनेवर दावा उभा राहत नाही. नेमका कलम-क्रमांक असलेला हक्क, किंवा नेमके लेखी वचन, यांवर तो उभा राहतो. तुमच्या कंपनीने जेटी आणि बोट कबूल केली आहे ना? ते लेखी मागा. किती महिन्यांत, किती क्षमतेची, डिझेलचा आणि खलाशांचा खर्च कोण करणार, प्रकल्प बंद पडला तर बोट कुणाची. नुसते विचारले तरी आश्वासनांचा पूर ओसरताना दिसेल.

आता आपल्याकडचा कायदा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार खासगी कंपनीसाठी सरकारने जमीन संपादन करायची तर बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची आगाऊ संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्क्यांची. म्हणजे पुन्हा सह्याच. इथे एक खाच आहे आणि ती कार्यकर्त्यांना सहसा माहीत नसते. ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत मच्छीमार आणि नावाडी येतात, पण पुनर्वसनासाठी. संमती मोजताना फक्त जमीनमालक आणि सरकारने ज्यांना जमीन दिली आहे अशी कुटुंबे धरली जातात. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळी वाळवणाऱ्या माणसाचे मत त्या ८० टक्क्यांत नसते. त्यामुळे ‘आमचे सगळे गाव विरोधात आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. जमीन कुणाच्या नावावर आहे ते आधी पाहा.

शिवाय जमीन सरकारीच ठरली तर संपादनही नको आणि संमतीही नको. भाडेपट्टा केला की झाले. लक्षद्वीपमधल्या पंडारम जमिनींचा वाद नेमका हाच आहे. केरळातल्या कण्णूरच्या अरक्कल राजांच्या काळापासून या जमिनी दरबाराच्या मानल्या जात आणि बेटकरी त्या पट्ट्याने कसत, नारळ लावत. १९६५ च्या महसूल व कूळवहिवाट नियमावलीने कसणाऱ्यांना त्यांवर वहिवाटीचे हक्क दिले. २०२४ मध्ये प्रशासनाने याच जमिनी सरकारी म्हणून मोजायला घेतल्या आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले. ज्या कुटुंबाकडे जुना पट्टा, खंडाच्या पावत्या, झाडांच्या नोंदी होत्या त्याला बोलायला आधार होता. कोकणातल्या वाचकांना हे नवे नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आजोबांचे नाव होते की नव्हते, यावर इथेही घरेच्या घरे उभी राहिली आणि बसली.

म्हणून सह्यांनंतरचे काम जमिनीच्या कागदांचे. प्रत्येक घरातली पेटी उघडायला सांगा. पट्टा, पावती, जुना नकाशा, वीजजोडणीचे पत्र, घरपट्टी, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, काहीही. मोबाइलवर फोटो काढून बेटाबाहेर दोन ठिकाणी ठेवा, कारण बेटावरचे घर वादळात जाते आणि घराबरोबर पेटीही जाते. ज्या सामाईक जागांना कागदच नसतो त्यांचा नकाशा तुम्ही करा: होड्या ओढायच्या जागा, मासे वाळवायचे मैदान, गोड्या पाण्याच्या विहिरी, कबरस्तान, खाजणात जायची वाट, ओहोटीला कालवे वेचायचे खडक. बायकांना वेगळे बसवून विचारा. पुरुषांच्या नकाशात होड्या असतात, विहिरी आणि कालवांचे खडक बहुतेक वेळा राहून जातात. नकाशा झाला की ग्रामसभेत ठराव करून तो दप्तरी दाखल करा. प्रकल्पाचा आराखडा येण्याआधीच्या तारखेचा असा कागद कोर्टात फार वजनाचा असतो.

ना-हरकत दाखला देऊन बसला असाल तर? तो मागे घेता येतो, पण कारण द्यावे लागते. ग्रेट निकोबारचे उदाहरण घ्या. तिथे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर असा हजारो कोटींचा प्रकल्प सरकारी महामंडळ उभारते आहे. कंपनी सरकारी असो की खासगी, बेटकऱ्यांकडून कागद घेण्याची रीत तीच. ग्रेट आणि लिटल निकोबारच्या आदिवासी परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये ना-हरकत दिली. २००४ च्या त्सुनामीपूर्वी ज्या गावांत हे निकोबारी राहत होते, जिथे परत जायची मागणी ते सतत करत होते, त्या गावांची जमीनही प्रकल्पात येते हे नंतर लक्षात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये परिषदेने पत्र देऊन ना-हरकत मागे घेतली. घाईत घेतली, माहिती पूर्ण दिली नाही, असे कारण नमूद केले. तोवर वन आणि पर्यावरण अशा दोन्ही परवानग्या निघून गेल्या होत्या. पत्र वाया गेले असे मी म्हणणार नाही, नंतरच्या प्रत्येक वादात ते समोर येतेच. पण तीन महिने आधीचे पत्र आणि तीन महिने नंतरचे पत्र यांत केवढे अंतर पडते ते बघा.

त्यामुळे तुमच्याकडे दाखला मागितला आहे त्याला उत्तर ‘नाही’ असेही नको आणि ‘हो’ असेही नको. उत्तर असे द्या: प्रकल्पाचा पूर्ण नकाशा सर्व्हे क्रमांकांसह द्या, तो आमच्या भाषेत द्या, पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार ते लिहून द्या, त्यानंतर ग्रामसभेत विचार होईल. लहान बेटावर जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. जास्त उपसा झाला की विहिरी खारट होतात आणि तो थर पुन्हा भरायला वर्षे लागतात. हॉटेलातल्या एका खोलीला दिवसाला किती पाणी लागते हा साधा प्रश्न विचारा. त्याचे उत्तर टाळले जात असेल तर तुम्हाला हवा तो मुद्दा मिळाला.

आता कोर्टाकडे येऊ. नवखे लोक कंपनीविरुद्ध दावा लावतात. माझा सल्ला, कंपनीच्या परवानगीविरुद्ध लावा. कंपनी मालकी बदलते, नाव बदलते, दिवाळखोरी जाहीर करते. परवानगी मात्र एक सरकारी आदेश असते, तिला तारीख, क्रमांक आणि कायदेशीर अटी असतात. एक अट मोडलेली दाखवली तरी ती कोसळू शकते.

इंडोनेशियातल्या सांगिहे बेटाने हे करून दाखवले. सुलावेसीच्या उत्तरेला, फिलिपीन्सच्या वाटेवरचे हे सुमारे ७३६ चौरस किलोमीटरचे बेट. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या ऊर्जामंत्रालयाने एका सोनेखाण कंपनीला ३३ वर्षांचा उत्पादन परवाना दिला. त्या कंपनीत कॅनडातल्या बारू गोल्डचा मोठा हिस्सा. परवान्याचे क्षेत्र ४२,००० हेक्टर, म्हणजे अर्ध्या बेटापेक्षा जास्त. पर्यावरणाची परवानगी मात्र ६५ हेक्टरांच्या आसपासच्या एका तुकड्याची घेतलेली. कागद वाचायची सवय असलेल्या माणसाला हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे.

इंडोनेशियाच्या किनारा व लहान बेटे कायद्यात २,००० चौरस किलोमीटर किंवा त्याहून कमी क्षेत्राचे बेट ‘लहान’ धरले जाते आणि अशा बेटांवर संवर्धन, मासेमारी, शिक्षण, पर्यटन अशा वापरांना प्राधान्य आहे. खाणीला त्या यादीत जागा नाही. बेटकऱ्यांनी ‘सेव्ह सांगिहे आयलंड’ नावाने एकजूट केली आणि दोन वेगळी प्रकरणे लावली. बोवोने गावातल्या ५६ बायकांनी मनाडोच्या प्रशासकीय न्यायालयात पर्यावरण परवानगीला आव्हान दिले, आणि जून २०२२ मध्ये त्या जिंकल्या. दुसरे प्रकरण जाकार्तात, खुद्द खाण परवान्याविरुद्ध. तिथल्या खालच्या कोर्टाने ‘हा आमच्या अखत्यारीतला विषय नाही’ म्हणून ते फेटाळले. लोक अपिलात गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल फिरला, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकार आणि कंपनीचे म्हणणे नाकारले. सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाने परवाना रीतसर रद्द केला.

दोन दारे एकाच वेळी ठोठावली म्हणून हे जमले. एका प्रकरणात तांत्रिक कारणाने हरले तरी दुसरे चालू होते. आणि वादी म्हणून राजधानीतली संस्था पुढे नव्हती, खाणीच्या तोंडाशी राहणाऱ्या बायका होत्या. ‘तुमचा काय संबंध?’ हा प्रश्न न्यायाधीश त्यांना विचारू शकत नव्हते.

सांगिहेची दुसरी बाजूही सांगायला हवी. बेटाचे उपप्रमुख हेल्मुद होन्तोंग यांनी एप्रिल २०२१ मध्ये मंत्रालयाला परवाना रद्द करण्याचे पत्र लिहिले होते. जून २०२१ मध्ये बालीहून मकासरला जाताना विमानातच त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी आजारपणाचे कारण दिले, लोकांच्या मनातली शंका गेली नाही. आणि कंपनीचा परवाना गेल्यावरही सोने जमिनीतच होते, तेव्हा बेकायदा खोदकाम करणारे यंत्रे घेऊन आले. कोर्टाचा निकाल कंपनीला बांधतो, परवानाच नसलेल्याला काय बांधणार? तिथे पोलिसांकडे तक्रारी करत राहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ती लढाई जास्त कंटाळवाणी असते.

आपल्याकडे परवानगीला आव्हान द्यायची मुदत हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. पर्यावरण परवानगीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात, सबळ कारण दाखवले तर आणखी ६०. त्यानंतर विलंब माफ करायचा अधिकारच न्यायाधिकरणाला नाही. परवानगी मिळाल्याची जाहिरात कंपनी दोन स्थानिक वर्तमानपत्रांत देते. तुमच्या बेटावर वर्तमानपत्र किती दिवसांनी पोचते? पावसाळ्यात जहाज बंद असताना? म्हणून मुख्य भूमीवरच्या एका माणसाला एवढेच काम द्या: दर सोमवारी परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण परवानग्यांच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद उघडायची आणि काही बदल असेल तर त्याच दिवशी त्याची प्रत काढायची. कॉलेजात शिकणारा बेटावरचा कुणी मुलगा-मुलगी असेल तर उत्तम. लक्षद्वीपचे प्रकरण हरित न्यायाधिकरणाच्या चेन्नई खंडपीठाकडे जाते आणि उच्च न्यायालय केरळचे. अंदमान-निकोबारसाठी दोन्हीकडे कोलकाता.

मुदती दोन्ही बाजूंना कापतात हेही लक्षात ठेवा. रायगडमध्ये महामुंबई सेझविरुद्धचा (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धचा) लढा प्रा. एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली चालला. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत जिल्हाधिकाऱ्यांनी जनमत चाचणी घेतली, ती सगळ्यांना आठवते. पण संपादन शेवटी ज्यामुळे पडले ते जुन्या भूसंपादन कायद्यातले दोन वर्षांचे बंधन. तेवढ्या काळात निवाडा जाहीर झाला नाही आणि २००९ मध्ये प्रक्रिया व्यपगत झाली. मोर्चे, हरकती, चाचणी यांनी वेळ खाल्ला, आणि तो वेळच कामाला आला. लोक याला रडीचा डाव म्हणतील. म्हणू देत.

जनसुनावणीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण सांगतो. बंदर किंवा विमानतळ असेल तर पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते, किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो. फक्त हॉटेल-इमारतींच्या प्रकल्पाला या सुनावणीतून सूट आहे. तेव्हा तुमच्याकडे झालेल्या बैठकांना कंपनी ‘जनसुनावणी’ म्हणत असेल तर ते कुठल्या कलमाखाली, हे लेखी विचारा. खरी सुनावणी झाली तर तिथे गणपूर्तीची अट नसते हे विसरू नका. बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाल्याचीच नोंद होते. जा, प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लेखी निवेदन द्या, पोच घ्या. एकाच मजकुराच्या ३०० प्रतींपेक्षा ३० वेगळी निवेदने बरी. एखाद्या म्हातारीने ‘माझ्या विहिरीचे पाणी अमुक साली खारट झाले’ एवढे लिहिले तरी त्याला उत्तर देणे भाग पडते.

आता सगळ्यात अवघड भाग. बेटावर फूट पडणारच. कुणाचा मुलगा कंपनीत सुपरवायझर होईल, कुणाची बोट भाड्याने लागेल. त्यांना गद्दार ठरवलेत की लढाई तिथेच संपली. मत बदलू शकते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हॅरिस बेटावर १९९१ मध्ये रेडलँड कंपनीने रोइनाव्हाल हा आख्खा डोंगर फोडून खडी न्यायचा अर्ज केला. सुरुवातीच्या मतदानात बेटावरचे बहुसंख्य लोक बाजूने होते, कारण तरुण बेट सोडून चालले होते. १९९४-९५ मध्ये जाहीर चौकशी झाली. नोकऱ्या खरोखर किती, धूळ किती, जहाजांनी तोल राखायला भरून आणलेले पाणी खाडीत सोडल्यावर मासेमारीचे काय, हे उघडपणे तपासले गेले. पुन्हा मत घेतले तेव्हा बहुसंख्य विरोधात होते. नोव्हेंबर २००० मध्ये अर्ज नाकारला गेला. मधल्या काळात रेडलँड विकत घेतलेली लाफार्ज २००४ पर्यंत कोर्टकज्ज्यांत राहिली आणि मग निघून गेली. एकूण १३ वर्षे. एवढा दम धरायचा तर शेजाऱ्याशी बोलणे बंद करून चालत नाही.

आणि ज्या पोराला नोकरी हवी आहे त्याला तुम्ही काय देणार? ‘प्रकल्प नको’ हे त्याच्या पोटाला उत्तर नव्हे. स्कॉटलंडमधल्याच एग बेटाने जमीनदारांच्या लहरीला कंटाळून १९९७ मध्ये सुमारे १५ लाख पौंडांना आख्खे बेटच विकत घेतले. लोक तेव्हा ६०-६५, पैसा बहुतांश बाहेरच्या देणगीदारांचा, आणि मालकी न्यासाची. २००८ मध्ये त्यांनी पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीजव्यवस्था उभारली. एका घराला एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा जास्त वापरता येत नाही, आणि हा नियम लोकांनीच घालून घेतला आहे. बेट विकत घेणे आपल्याकडे शक्य नाही. पण तुमची सहकारी संस्था बर्फाचा कारखाना, मासळी सुकवायची छते, चार-सहा घरगुती निवास यांचा आराखडा करून प्रशासनापुढे ठेवू शकते. कंपनीच्या आराखड्याशेजारी दुसरा आराखडा असला की चर्चेचा सूर बदलतो, हे मी कोकणात पाहिले आहे.

वर्तमानपत्रांकडे जायची वेळ हे सगळे झाल्यावर. हातात कागद असेल तर बातमी टिकते, नुसता आक्रोश दुसऱ्या दिवशी शिळा होतो. जून २०२१ मध्ये लक्षद्वीपच्या लोकांनी विकास प्राधिकरण नियमावलीच्या मसुद्याविरुद्ध बारा तासांचे उपोषण केले, तेही घराघरांत राहून, फलक हातात धरून. टाळेबंदीच्या काळात जमाव केल्याचा गुन्हा लावायला जागाच ठेवली नाही. तरी त्याच महिन्यात एका दिग्दर्शिकेवर दूरचित्रवाणीवरच्या एका वाक्यावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झालाच. त्यामुळे बोलायला एक-दोन माणसे ठरवा, त्यांनी लिहून आणलेलेच बोलावे, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रागाच्या भरात काही टाकू नये. गटात कंपनीचा माणूस आहे असे गृहीतच धरा.

तुम्ही स्वतः बाहेरच्या आहात, हे तुमच्याविरुद्ध वापरले जाईल. म्हणून अर्जदार तुम्ही होऊ नका, पत्रांवर सही करू नका, पत्रे लिहायला मात्र मदत करा. बदली झाली, संस्थेचा निधी संपला, तर तुम्ही जाल. वहीची सवय तिथल्या दोघा-तिघांना लागलेली असावी.

राहिला वकिलाचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्यांचे उत्पन्न कितीही असो. लक्षद्वीपचे बहुतेक रहिवासी आणि निकोबारी अनुसूचित जमातीत येतात, म्हणजे जवळजवळ आख्खे बेट पात्र आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. तो करताना कुठली परवानगी, कोणत्या तारखेची आणि मुदत कधी संपते हे पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर नेमणूक होईपर्यंत ३० दिवस निघून जातात. परवानगी अजून निघालेली नसेल तर तसे लिहा आणि माहिती अधिकारात कंपनीच्या अर्जाची स्थिती विचारल्याची प्रत जोडा. आणि ते हजेरीपत्रक, त्याची प्रतही त्याच माहिती अधिकाराच्या अर्जात मागून घ्या.